दफेदारांचं कुंतीचं कुंपण

ग्वाल्हेरच्या माधवगंजात रमाकांतपंतांइतका नीटनेटका माणूस दुसरा नव्हता, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या नीटनेटकेपणातूनच झाला.

फाल्गुनातला रविवार होता. पंत जिन्याखालच्या अंधारात छत्री शोधायला वाकले, तर हाताला ओलं पोतं लागलं. पोत्याखाली मातीची पसरट परळ, परळात ओली वाळू आणि वाळूत बुळबुळीत, हिरवट बिया. वर आंबूस वास. परळ खालच्या बिऱ्हाडाची, म्हणजे मल्हारराव दफेदारांची. आणि दफेदार बायकोला, मंदाताईंना, घेऊन भाचीच्या लग्नाला देवासला गेले होते. पंतांना वाटलं, निघायच्या घाईत राहून गेलं बिचाऱ्यांचं, आता सडून जाणार.

पंतांच्या घराण्याच्या तीन पिढ्या दरबारच्या दफ्तरखान्यात गेलेल्या. पणजोबांपासून घरात एकच शिकवण होती: ओल आली की वाळवी येते आणि वाळवी आली की नोकरी जाते. दरसाल दसरा झाला की दफ्तरखान्यातली बाडं चौकात पसरून त्यांना ऊन दाखवायची, ही रीत पंत स्वतःच्या बायकोपेक्षा जास्त आदरानं पाळत. तेव्हा ओली बी बघून त्यांचे हात आपोआपच चालायला लागले. बिया त्यांनी दोन पाण्यांनी धुतल्या, चिकट गर चोळून काढला आणि गच्चीवर शरयूनं कुरडयांसाठी पसरलेल्या लुगड्याच्या एका टोकाला वाळत घातल्या.

"अहो, दुसऱ्याची वस्तू," शरयू म्हणाली. "विचारल्याशिवाय कशाला?"

"विचारायला दफेदारकाका आहेत कुठे? येतील तेव्हा आशीर्वाद देतील."

ग्वाल्हेरचं फाल्गुनातलं ऊन काही साधं नसतं. बिया खडखडीत झाल्या. मग पंतांनी त्या बिस्किटांच्या डब्यात भरल्या, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला, झाकण लावलं आणि दफेदार परतले त्या संध्याकाळी डबा स्वतः खाली नेऊन दिला.

दफेदारांनी डबा कानाशी नेऊन हलवला. आत खुळखुळा वाजला.

"कोणी केलं हे?"

"मीच. सडत होतं, काका. कडक वाळवलंय. आता चार वर्षं त्याला काही होत नाही."

"होणारच नाही काही," दफेदार म्हणाले. "कुंतीच्या बियातली ओल गेली की जीव गेला. झाडावरून काढायची, गर धुवायचा आणि ओलीच्या ओली मातीत घालायची. मला देवासला जाणं टळेना, म्हणून वाळूत झाकून गेलो होतो."

मंदाताई आतून म्हणाल्या, "पंतांनी कुंतीला गव्हाच्या कोठारात घातली हो."

तरी दफेदारांनी ते बी पेरलं. रोज पाणी घातलं. त्यातून राजगिऱ्याचं एक रोप वर आलं आणि आठवडाभर पंतांचा जीव उगीचच भांड्यात पडला. कुंती काही उगवली नाही.

आता एवढं काय त्या कुंतीत, असं कोणी विचारील. पंतांनीही विचारलं असतं. पण तोवर त्यांना ते माहीत झालेलं होतं.

मल्हारराव संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होते. त्यांचे आजे दख्खनेतून घोड्यावर बसून आले, बाप घोड्यावरच म्हातारा झाला, आणि मल्हाररावांनी उभं आयुष्य पागेत काढलं. मुरारच्या वाटेवर या पागा होत्या. पागांच्या मधोमध एक काळा दगड उभा होता. लढाईवर परमुलखात जाऊन तिथंच राहिलेल्या स्वारांची नावं त्यावर कोरलेली. दगडाभोवती कुंतीचं कुंपण. ही कुंती म्हणजे तीच, चकचकीत पानांची, पांढऱ्या सुवासिक फुलांची. तिकडचे माळी तिला कामिनी म्हणतात. रिसाल्यात शिस्त अशी, की कुंपण दर पंधरवड्याला घोड्यांची आयाळ कातरायच्या कात्रीनं सरळ रेषेत कापायचं. त्यामुळे बिचारीला फूल धरायचीसुद्धा सवड मिळत नसे, मग फळ कुठलं.

पुढं संस्थान विलीन झालं आणि रिसाला मोडला. माणसांना घरी पाठवलं आणि घोडे लिलावात निघाले. मल्हाररावांची घोडी मैना एका टांगेवाल्यानं घेतली. एकदा पाटणकर बाजारात ती समोरून आली. तिनं यांना ओळखलं आणि भर रस्त्यात उभी राहिली, पुढं पाऊल टाकीना. टांगेवाल्यानं चाबूक काढला. मल्हारराव तिच्या तोंडावरून हात फिरवायला निघाले होते. पण हात फिरवला तर ती कधीच हलणार नाही आणि मार खात राहील, हे त्यांना कळत होतं. ते पाठ फिरवून गल्लीत शिरले. त्यानंतर त्यांनी पाटणकर बाजाराचा रस्ता सोडला तो सोडलाच. साधी सुतळी आणायची झाली तरी दाल बाजाराच्या अंगानं लांबचा वळसा घालून जात.

आणि पागेत काय झालं, तर कात्री चालवणारं कोणी उरलं नाही म्हणून कुंती पहिल्यांदाच मोकळी वाढली. पावसाळ्यात फुलांनी पांढरी झाली आणि थंडीत तिला लालभडक फळं लागली, पोवळ्यांसारखी. जिला जन्मात कोणी फळलेली पाहिली नव्हती, ती रिसाला मोडल्यावर फळली. मग ती जागा एका खात्याला मिळाली, त्या खात्यानं डांबराची पिंपं ठेवायला कुंपण उपटलं. दगड तेवढा राहिला. उपटायच्या आधी मल्हाररावांनी फळं तोडून आणली होती. पंतांनी लुगड्यावर वाळवल्या त्या त्यांतल्याच बिया.

एखादा दुसरा असता तर पंतांशी जन्माचं वैर धरता. मल्हाररावांनी धरलं नाही; त्यांनी पंतांना कामाला लावलं.

पागेतल्या जुन्या नालबंदाच्या छपरामागं कुंतीचं एक झुडूप उपटणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं होतं. पुढच्या थंडीत त्यालाच थोडी फळं धरली. ती बुलबुलांनी पाहिली त्याच दिवशी दफेदारांनीही पाहिली. मग दर रविवारी सचिवालयातले कारकून रमाकांतपंत, कोट-टोपीनिशी, नालबंदाच्या छपरामागं मोडक्या स्टुलावर बसून पितळी थाळी वाजवू लागले. ओळखीचे लोक सायकलवरून जाताना विचारत, "पंत, नई नौकरी?" पंत म्हणत, "नौकरी नहीं, सजा है." शेवटी मंदाताईंनी आपल्या जुन्या पातळाचा तुकडा झुडपावर बांधून दिला आणि पंतांची सुटका केली.

पंतांनी एकदा सुचवून पाहिलं होतं, "काका, बियांची एवढी यातायात कशाला? फांदी खोचली की झालं."

"फांदी खोचली की तेच झाड बदलीवर दुसरीकडे जातं, पंत. बी पेरलं की नवी भरती होते. मला भरती करायचीय."

दफेदारांना मूलबाळ नव्हतं. पंतांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

या खेपेला बी लगोलग धुऊन, ओलंच मातीत गेलं. चहाच्या टाकून दिलेल्या मातीच्या कुल्हडांना खाली भोक पाडून त्यात शेणखत, वाळू आणि पागेतली माती. महिनाभरानं जोडीजोडीनं पानं वर आली. कुंती फार हळू वाढते. वर्ष गेलं तरी बोटाएवढी. दफेदार कुल्हडं अंगणात रांगेत लावत आणि सकाळी पाणी घालताना पाठीमागं हात बांधून रांगेपुढून जात. एखादं रोप वाकडं वाढलं तर त्याच्याकडे नुसतं बघून पुढं जात. मंदाताई म्हणत, "ते भिऊन सरळ होतं."

रोपांना नावं होती. दगडावर माणसांची नावं होती. घोड्यांची कुठंच नव्हती. म्हणून ही बिजली, हा शेरदिल, ही मैना. हे दफेदारांनी कोणाला सांगितलं नव्हतं; पाणी घालताना ते पुटपुटत आणि पंत गच्चीवरून ऐकत, एवढंच.

आता रोपं दगडाभोवती लावायची होती. दफेदारांचं सगळं लक्ष तेवढ्या एका गोष्टीवर होतं. आपण गेलो, मंदाताई गेल्या, तरी दगडाभोवती काहीतरी हिरवं आणि लाल उभं असावं, आणि ते रिसाल्याच्याच मातीतून आलेलं असावं. पण जागेवरचा ओवरसियर म्हणाला, "हुकुम ले आइए दफेदार साहब, फिर चाहे जंगल लगा लीजिए."

हुकूम आणणं हे पंतांचं काम. पंतांनी ते छाती फुगवून अंगावर घेतलं, कारण अजून वाळवलेलं बी त्यांच्या छातीवर होतं. पण संस्थानं मोडून झालेल्या मध्यभारत सरकारची तऱ्हा अशी, की थंडीत राजधानी ग्वाल्हेरला आणि उन्हापावसात इंदूरला. पंतांची शाखा इथंच असे. सही करणारे साहेब मात्र पाखरांसारखे येत-जात. रोपं लावायची पावसाळ्यात. तेव्हा साहेब इंदूरला. साहेब ग्वाल्हेरला यायचे थंडीत, तेव्हा ते म्हणायचे, "अब ठंड में कौन पेड़ लगाता है? बरसात में याद दिलाइए." बरसातीत पंत आठवण पाठवायचे, तिकडून उत्तर यायचं की साहेब लवकरच ग्वाल्हेरला येतील तेव्हा बोलू. रोपं कुल्हडातून डालड्याच्या डब्यात गेली, डब्यातून घासलेटच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात गेली.

दफेदार एकदा म्हणाले, "पंत, आमच्या वेळी अख्खा रिसाला रात्रीत हलवत होतो."

"घोड्यांना सही लागत नाही, काका."

शेवटी पंतांनाच एक युक्ती सुचली. एका थंडीत आनंदानं हात चोळतच ते खाली आले. "काका, आपण चुकीच्या दारानं जातोय. खासगी रोपं सरकारी जागेत लावायची परवानगी मागतोय. ती कोण देईल? रोपं सरकारला देऊन टाका. सरकारची रोपं सरकारच्या जागेत. सही एका दिवसात. वर फायदा हा, की उद्या त्यांना कोणी हात लावू शकणार नाही. सरकारी झाड तोडणं म्हणजे गुन्हा."

मंदाताई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सरकारच्या नावावर केलं की काय होतं ते यांना विचारा, पंत. यांची घोडी होती सरकारच्या नावावर."

"मंदाताई, ते संस्थान होतं. हे लोकांचं सरकार आहे."

"असेल बाई."

दफेदारांनी रोपं लिहून दिली आणि साहेबांची सही खरंच मिळाली. आषाढात रोपं दगडाभोवती गेली. दफेदार रोज सकाळी मुरारच्या वाटेवर पायी जाऊन पाणी घालत. पिंपं मोजणारा चौकीदार त्यांना सलाम ठोके. दोन पावसाळ्यांनी कुंती फुलली आणि त्या थंडीत लाल फळं आली. दफेदारांनी पंतांना मुद्दाम नेऊन दाखवलं. कात्री लावलेली नव्हती. कुंपण वेडंवाकडं, मोकळं, फळांनी वाकलेलं.

"माझ्यानंतर तुम्ही बघा, पंत. पाणी आता फारसं लागणार नाही. फक्त उन्हाळ्यात."

"माझ्यावर सोडा, काका," पंत म्हणाले, आणि त्या वेळी ते अगदी मनापासून म्हणाले.

मग प्रांतांची पुनर्रचना आली. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला ठरली. माधवगंजात घरोघर एकच बोलणं: कोणाचं खातं जातंय, कोणाचं राहतंय. पंतांचं खातं जाणारं निघालं. दफ्तरखान्याची बाडं पागांच्या रिकाम्या कोठ्यांत ठेवलेली होती. ती ट्रकांत भरून भोपाळला न्यायची होती आणि भरून घ्यायला उभे होते रमाकांतपंत. मार्गशीर्षातलं ऊन चढलं होतं. पहिला ट्रक आत आला, पण वळायला जागा पुरेना. एका बाजूला पिंपं, दुसऱ्या बाजूला दगड आणि कुंती. नवा ओवरसियर घाईत होता. संध्याकाळपर्यंत ट्रक सोडायचे होते.

"ये झाड़ियां किसकी हैं?" त्यानं विचारलं. "किसी की निजी तो नहीं? निजी हो तो झमेला है, पूछना पड़ेगा."

पंतांच्या हातात बाडांची चळत होती. त्यांनी मान वर केली. त्यांच्या तोंडून कधी कागदाला सोडून अक्षर गेलं नव्हतं.

"सरकारी हैं," ते म्हणाले.

"फिर ठीक है," ओवरसियर म्हणाला आणि त्यानं हमालांना हाक मारली.

तोंडातून शब्द गेल्यावर पंतांना कळलं. ते पुढं झाले. म्हणाले, थांबा, एक म्हातारे दफेदार आहेत, त्यांना निदान निरोप... ओवरसियर म्हणाला, "आप ही ने तो कहा." पुढं बोलावं तर कशाच्या आधारावर? कागद म्हणत होता सरकारी, आणि कागद पंतांनीच केला होता. कुंती मुळासकट निघायला फार वेळ लागला नाही. ट्रक मागं घेताना दगडालाही धक्का बसला. तो उचलून पिंपांमागं आडवा ठेवला, नावं खाली.

संध्याकाळी पंत जिन्याशी उभे राहिले, वर जाईनात. दफेदार ओसरीवर पायांना तेल चोळत होते.

"काका, ट्रकांना वळायला जागा नव्हती," पंत म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. "त्यानं विचारलं कोणाची. मी म्हणालो, सरकारी."

"खोटं नाही बोललात."

"मला सुचलंच नाही हो दुसरं काही."

दफेदारांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि धोतर खाली ओढलं. मंदाताई दाराशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंत, जेवायला जा वर. शरयू वाट बघून राहिलीय." एरवी त्या पंतांना टोमणा मारल्याशिवाय वर सोडत नसत.

दुसऱ्या दिवशी दफेदार पागेवर जाऊन आले. उपटलेल्या झुडपांवरची फळं अजून ताजी होती. ती धोतराच्या सोग्यात बांधून ते परत आले आणि घरात गेले. पंतांनी गच्चीवरून पाहिलं आणि त्यांना जरा बरं वाटलं. चला, पुन्हा बी धुतील, पुन्हा कुल्हडं मांडतील. पंतांनी मनाला इतकं समजावलं आणि ते भोपाळला गेले.

माघात ते शरयूला न्यायला आले. सामान बांधून झालं. शरयूनं खाली जाऊन मंदाताईंना नमस्कार केला, मंदाताईंनी तिची ओटी भरली. मग दोघी एकदम बोलायला लागल्या. पंत ओसरीवर दफेदारांसमोर बसले. अंगण झाडलेलं, मोकळं होतं. कुल्हडं दिसत नव्हती. ती आत कुठं उबेला ठेवली असतील, असं पंत धरून चालले.

"मजेत ना, पंत?"

"मजेत कसलं, काका. नवं गाव. मराठी बोलायचं तर खात्यातल्यांशीच. पोरंटोरं आत्ताच घरात हिंदी बोलायला लागलीत म्हणतात, आपल्या लोकांची." पंत थोडं घुटमळले. "क्वार्टर मात्र चांगलं आहे. पुढं अंगण आहे, नुसतं उघडं. मला वाटत होतं... तुम्ही त्या दिवशी फळं आणलीत ना, त्यातलं थोडं बी द्या. मी तिथं लावतो. दगड नाही, पण कुंपण तर होईल. या खेपेला माझ्याकडून चूक नाही व्हायची. ओलं ठेवून नेतो, वाळूत घालून, मांडीवर घेऊन बसतो गाडीत. आणि सरकारी म्हणून नाही लावणार, काका. माझं म्हणून लावतो. मैना, बिजली, सगळी नावं पाठ आहेत मला."

नावं ऐकून दफेदारांनी पंतांकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. आतून फळीवरून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तोच बिस्किटांचा डबा होता, झाकण घट्ट लावलेला. तो त्यांनी कानाशी नेला आणि हलवला. आत खुळखुळा वाजला. मग डबा पंतांच्या मांडीवर ठेवून ते म्हणाले,

"सगळं न्या, पंत, कडक वाळवून ठेवलंय."